माळवदाचं घर उतरवतोय. नव्या घरात जुन्यातलं काय घ्यावं?

माळावरचा (प्रश्न)

नमस्कार मंडळी. मी विट्याच्या पूर्वेला एका लहान गावात राहतो, विट्यात चार यंत्रमाग आहेत. आजोबांनी बांधलेलं माळवदाचं, म्हणजे मातीच्या सपाट छताचं, घर दिवाळीनंतर उतरवायचं ठरलंय. थोरल्या भावानं ठरवलं, मी हो म्हणालो. गेल्या आठवड्यात इंजिनीयरनं नकाशा पाठवला आणि तो बघितल्यापासून मन लागत नाही, म्हणून इथं विचारतो.

आधी घर सांगतो. आठ खणांचं आहे. दोन तुळयांमधली जागा म्हणजे एक खण. आमच्याकडं म्हातारी माणसं अजून घराचं माप खणातच सांगतात. दिंडी दरवाजातून आत आलं की डाव्या हाताला जनावरांचा सोपा (ओसरी), उजव्या हाताला माणसांचा, मधून बोळ. माणसांचा सोपा मांडीइतका उंच. मागं माजघर, माजघराच्या कडेला देवघर आणि भिंतीतच बांधलेलं धान्याचं बळद, शेवटी चुलीची खोली, तिथून परड्यात, म्हणजे मागच्या अंगणात, दार. भिंती दोन हात रुंद, खाली दगड, वर पांढरीच्या मातीचे भेंडे, म्हणजे कच्च्या विटा. खांब बाभळीचे, तुळया कडुनिंबाच्या, त्यावर किलचं (लाकडाच्या चिरफळ्या), किलचांवर तरवडाचा पाला आणि मग फूटभर माती. बाहेरच्या भिंतीला एकही खिडकी नाही. उजेड येतो तो माळवदाला ठेवलेल्या साण्यातून, म्हणजे छतातल्या झरोक्यातून.

त्या साण्यातून माजघरात उन्हाचा वीतभर तुकडा पडतो. सकाळी तो बळदाच्या भिंतीवर असतो, मग खाली उतरतो आणि जमिनीवरून सरकत सरकत जात्यापाशी येतो. जात्याच्या खुंट्याला ऊन लागलं की आई भाकरी बांधून रानात निघायची. घरात घड्याळ आलं तरी ती खुंट्याकडंच बघायची. आता ती ७६ वर्षांची आहे, रानात जात नाही, पण जेवणाची वेळ अजून तशीच सांगते.

दुसरं म्हणजे गव्हाण. एकाच दगडाची आहे. बैल वैरण खायला मान घालायचे तिथं कड झिजून अशी गुळगुळीत झालीय, की हात फिरवला तर तेल लावल्यासारखा वाटतो. बैल २००४ ला विकले. त्या सोप्यात आता मोटारसायकल आणि सुताचे बाचके असतात.

भाऊ केरळात त्रिशूरला असतो, गलाईच्या धंद्यात. आमच्या खानापूर-आटपाडी भागात हे घरोघरी आहे. १९७२ च्या दुष्काळानंतर तर निम्मी गावं सोनं-चांदी गाळायला देशभर पांगली. पैसा तिकडून आला आणि गावात बंगले उठले. दोन मजले, संगमरवरी पायऱ्या, स्टीलचे कठडे. वर्षातून यात्रेला आठ दिवस उघडतात, बाकी कुलूप. भाऊ २८ वर्षं तिकडं आहे, त्याच्या मुलांना मल्याळम येतं. त्याला समोरून केरळी घर हवंय, उतरत्या लाल कौलांचं. मी त्याला नावं ठेवत नाही. त्याच्या आयुष्याची जास्त वर्षं त्या छपरांखाली गेलीत.

पण नकाशात हॉल, किचन, दोन बेडरूम आणि गाडीची जागा आहे. सोपा नाही. माजघर नाही. हाच नकाशा इंजिनीयरनं शेजारच्या गावात दोघांना दिलाय, मी जाऊन बघून आलो.

तर विचारायचं हे, की खांब-तुळया पुन्हा वापरता येतील का? साणं स्लॅबला ठेवता येतं का? आणि या जुन्यातलं खरं कामाचं काय आहे, नुसतं माझ्या मनाचं काय? स्पष्ट सांगा. राग येणार नाही.

पाटणचे काका

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मी सरकारी बांधकामात ३१ वर्षं काढली, पण घराकडं बघायची नजर त्याआधीच मिळाली होती. ११ डिसेंबर १९६७, पहाटेचे सव्वाचार वाजून गेलेले. मी आठ वर्षांचा होतो. कोयनेच्या भूकंपात आमचं दगडमातीचं घर पाच-सात सेकंदांत बसलं. आईनं आम्हा तिघांना ओढून अंगणात आणलं तेव्हा मागं कौलं घरंगळत होती, तो आवाज अजून कानात आहे. जवळपास १८० माणसं गेली त्या पहाटे. पुढं आमच्या खोऱ्यात लोकांनी दगडी भिंतीचा धसकाच घेतला, पत्रा आला, लाकडी फळ्यांच्या भिंती आल्या. एका पहाटेनं पाटण तालुक्यातली घरं बदलली.

म्हणून आधी कामाचं सांगतो. फूटभर मातीचं माळवद म्हणजे एका चौरस फुटावर ४५ किलोंच्या वर वजन, पावसात भिजलं की आणखी. पाच इंची स्लॅब त्याच जागेत ३० किलोंच्या आसपास भरतो. शिवाय दर उन्हाळ्यात वर नवी माती पडते, जुनी कुणी काढत नाही. तुमचं माळवद उकरून बघा, फुटाचं दीड फूट झालेलं असेल. ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीच्या भूकंपात हेच झालं. तिथल्या रुंद भिंती दिसायला भक्कम, पण आतला थर आणि बाहेरचा थर यांना बांधणारा आरपार दगडच नव्हता. हादरा बसला, थर सुटले, भिंती ढासळल्या आणि वरची माती खाली आली. मात्र एक लक्षात ठेवा, खांब-तुळयांचे सांगाडे तिथं बऱ्याच ठिकाणी उभे राहिले होते. तुमच्या आजोबांच्या सुतारानं भार भिंतीवर न टाकता खांबावर टाकला असेल, तर त्याचं काम चोख आहे.

आता माळवद तुमच्याकडंच का आणि आमच्याकडं का नाही? महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, आणि सव्वाशे किलोमीटरच्या आत दहिवडीला ५०० च्या आसपास. एकाच सातारा जिल्ह्यात! जावळी-पाटणला छप्पर जितकं उभं तितकं बरं. कऱ्हाड सोडून पूर्वेला निघालं की छपरांचा उतार कमी होत जातो, आणि मायणी-विट्यापलीकडं छपरं सपाट होतात. तिथं पाण्याची नाही, उन्हाची भीती. दुपारचं ऊन फूटभर मातीतून खाली उतरायला आठ-दहा तास घेतं, तोवर रात्र होते आणि माणसं गच्चीवर झोपायला गेलेली असतात. स्लॅब मात्र तीन-चार तासांत तापतो आणि नेमकी संध्याकाळ भाजून काढतो. ज्वारी वाळवायला, मिरच्या-कुरडया घालायला, झोपायला तेच माळवद. बाहेर खिडक्या नाहीत त्या धुळीसाठी, उन्हासाठी आणि पूर्वी चोरट्यांसाठी.

त्यामुळं भावाच्या कौलांबद्दल माझं म्हणणं वेगळं आहे. स्लॅब ओतून त्यावर कौलं चिकटवणार असाल तर पैसे वाया. पण घरापुढं खरा सोपा काढा, नऊ-दहा फूट रुंद, आणि त्यावर खरं उतरतं छप्पर टाका, लाकडी वासे आणि कौलं. त्याचा भार हलका असतो, तो तुमचे जुने खांब सहज घेतील. भिंतीवर ऊन पडणार नाही आणि भावाला समोरून हवं तेच दिसेल. पश्चिमेची भिंत मात्र पोकळीची किंवा जाड करा, तिथं काटकसर नको.

साणं ठेवता येतं. भोकाभोवती स्लॅबच्या वर नऊ इंच कट्टा काढा, वर काच, कडेला जाळी, म्हणजे गरम हवाही निघून जाईल. जागा ठरवताना सेंटरिंगवाल्यावर सोपवू नका, स्वतः उभं राहा.

माणदेशची सून

काकांनी घराचं सांगितलं, मी घरातल्या बाईचं सांगते. राग येणार नाही म्हणालात म्हणून लिहिते, दादा.

मी लग्न होऊन आले तेव्हा सासरचं घर माळवदाचं होतं, नऊ वर्षं त्यात राबले. मृगाच्या आधी माळवदावरची हराळी उपटायची. खारी माती गाढवावरून यायची, ती पाटीनं वर चढवायची, पसरायची, बडवायची. पुरुष माती आणून टाकायचे, पण वर नेणाऱ्या आम्हीच. रात्री वळीव आला की पहिली हाक सुनेला. कंदील घेऊन वर जायचं, गळतं कुठं ते खालून सासूबाई ओरडून सांगायच्या आणि मी वर अंधारात पायाच्या टाचेनं माती दाबायची. खाली धान्यावर पाणी पडू नये म्हणून परात, पातेलं, घमेलं. दर आठ दिवसांनी सगळं घर सारवायचं. सारवलेल्या जमिनीचा गारवा मला ठाऊक आहे, पण त्यासाठी झिजलेले गुडघेही माझेच आहेत.

आणि माजघराचा अंधार. बाळंतीण तिथंच, आजारी माणूस तिथंच, चुलीचा धूर तिथंच. सोप्यात पाव्हणे बसले की आम्हाला पुढच्या दारानं जाता यायचं नाही. पदर सावरत मागच्या दारानं परड्यात, परड्यातून बोळानं पाण्याला. २००१ साली आम्ही स्लॅब टाकला. त्या रात्री पाऊस लागला आणि मी अंथरुणात नुसती पडून आवाज ऐकत होते. कुणी हाक मारली नाही. तो आनंद मी कधी विसरणार नाही.

तरी एक सांगते. स्लॅबच्या घरात मागचं दार ठेवलं नाही, परडं गेलं. परड्यात आम्ही बायका निवडायला, टिपायला बसायचो, शेजारची भिंतीवरून बोलायची, शेवग्याच्या शेंगा इकडून तिकडं जायच्या. आता हॉलमधे सोफा आहे आणि तिथं टीव्हीपुढं घरातली माणसं. जावेकडं जायचं तर रस्त्यावरून वळसा. सासूबाई शेवटची तीन वर्षं म्हणायच्या, बसायला जागाच नाही. घर आधीपेक्षा मोठं होतं.

तुमच्या आईला विचारलंत का, तिला काय हवंय? तुमच्या प्रश्नात आई आहे, पण तिचं म्हणणं नाही.

माळावरचा

ताई, खरंच विचारलं नव्हतं. माती वर नेणारी आईच होती, हे मला दिसलंच नाही इतकी वर्षं. आज विचारतो.

कृष्णाकाठ

मी सांगलीच्या गावभागातला. आमची माती वेगळी, दुखणं वेगळं, पण दोन गोष्टी तुमच्या उपयोगाच्या आहेत.

आमचा वाडा दोन चौकांचा होता. पुढच्या सोप्यातल्या सागवानी खांबावर पुराच्या खुणा होत्या, वडिलांनी खिळ्यानं कोरलेल्या. २००५ ची छातीला यायची. २०१९ ची माझ्या डोक्यावर होती. तेव्हा आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं होतं, आणि तिथं धोक्याची पातळी ४५ ची. पाच दिवस वाडा पाण्यात उभा होता. पाणी उतरलं तेव्हा खांब जागेवर, आणि मधल्या मातीच्या भिंती बसलेल्या, साखर विरघळावी तशा. जुन्या लोकांना पूर ठाऊक नव्हता असं नाही. जोती उंच होती, माळे होते, धान्य वर चढवायची पद्धत होती. पण इतके दिवस पाणी थांबेल हे त्यांच्या हिशेबात नव्हतं. आता आमच्या गल्लीत नवं घर बांधणारा खाली नुसते कॉलम ठेवतो, गाड्यांसाठी. राहणं वर. संध्याकाळी ओट्यावर बसलेल्या माणसाला रस्त्यावरचा माणूस थांबून विचारायचा, जेवलात का, ते बंद झालं. पूर आणि गाडी, दोघांनी मिळून ओटा नेला.

जवळच हरिपूर आहे, कृष्णा-वारणेच्या संगमावर. तिथं हळद जमिनीखाली पेवात ठेवायचे. माणूस उतरेल एवढं तोंड, खाली मडक्यासारखं पोट. तिथल्या मातीत हळदीला कीड लागत नाही, म्हणून वर्षानुवर्षं टिकायची. पेव उघडलं की लगेच उतरायचं नाही, आतली कोंडलेली हवा माणसाला मारते, ती जाऊ द्यायची हे पोरंसोरंही सांगायची. २००५ च्या पुरात पाणी शिरलं आणि खूप पेवं गेली. हळद आता गोदामात आणि शीतगृहात असते. पेव पुन्हा खणणारे हात आता शोधावे लागतात. तुमच्याकडंही माळवद घालणारा गवंडी असाच शेवटचा असेल. पाडण्याआधी त्याला बोलवा आणि थरांचे फोटो काढून ठेवा, किलच, पाला, माती, सगळं. घर पडलं की हे कुणाला सांगता येत नाही.

दुसरी गोष्ट पैशाची. घर उतरवणार हे कळलं की जुन्या लाकडाचे व्यापारी दारात येतील. आमच्याकडं एक आला, दरवाजासकट सगळ्याचा एकच आकडा बोलला. आम्ही पुरानं थकलेले, हो म्हणालो. गणेशपट्टीचा, म्हणजे चौकटीवर गणपती कोरलेला, दरवाजा होता, पणजोबांनी करून घेतलेला. पुढं कळलं की नुसत्या त्या दरवाजाची किंमत आम्हाला मिळालेल्या आकड्याहून जास्त होती. पैशाचं दुःख वर्षभरात गेलं. दार मात्र आता कुठल्या तरी हॉटेलात उभं असेल आणि त्याला उंबरा नसेल, हे मनातून जात नाही. उंबरा आमच्याकडं राहिलाय, भिंतीला टेकवून. तुम्ही दार आणि उंबरा एकत्र ठेवा.

माळावरचा

पंधरा दिवसांनी लिहितोय, उशिराबद्दल क्षमा असावी.

आईला विचारलं. मला वाटलं होतं ती साणं म्हणेल, नाहीतर जातं. ती म्हणाली, "मला माळवद नको बाबा, लई माती वाहिली. पर मागचं दार ठेव. सोप्यात माणसं असली तरी मला माझं माझं बाहीर जाता आलं पायजे." नकाशात मागचं दार नव्हतंच. तिथं अटॅच संडासाची भिंत होती. भावाला फोनवर सांगितलं तर तो बराच वेळ गप्प झाला, मग म्हणाला, तिकडं त्याच्या भाड्याच्या घरालाही मागं दार आहे आणि वहिनी दिवसभर तिथंच बसलेली असते.

आता नकाशा असा बदललाय. पुढं सोपा, साडेनऊ फुटी, त्यावर भावाची कौलं, खरी. मागं दार, कट्टा आणि परड्याची सव्वा गुंठा जागा, तिथं काही बांधायचं नाही. एक बेडरूम कमी केली, ती भाऊच म्हणाला. साणं मधल्या खोलीला येईल. मी सलग चार दिवस सकाळी खडूनं उन्हाच्या खुणा केल्या आणि इंजिनीयरला नेऊन दाखवल्या. तो तरुण मुलगा आहे, आधी गोंधळला, मग स्वतः येऊन दोन तास माजघरात बसला. जातं त्याच जागी राहील. गव्हाण सोप्याच्या कडेला, बसायला.

माळवदाची माती दीड फूट निघाली, काका. बरोब्बर. मधे राखेचा एक थर होता, तो का घातला ते गवंडी म्हाताऱ्यालाही सांगता आलं नाही. फोटो काढलेत.

एक अडचण आहे. सुतारानं चारही खांब ठोकून बघितले. तिघांचा आवाज ठणठणीत आहे. चौथा, गोठ्याकडचा, खालून वाळवीनं पोकळ केलाय, साधारण सव्वा फूट. १९९४ साली आम्ही त्या सोप्याला कोबा (सिमेंटची पक्की जमीन) केला तेव्हा खांबाखालचा दगड त्यात बुजला होता, त्यानंतरच हे झालं असणार. तेवढा भाग कापला तर खांब आखूड पडतो. नवा घालावा का?

पाटणचे काका

नवा नको. पोकळ भाग आणि त्यावर आणखी तीन इंच कापा, म्हणजे निरोगी लाकूड लागेल. जेवढं कापाल तेवढा उंच तळखडा, म्हणजे खांबाखालचा बैठकीचा दगड, काळ्या दगडाचा घडवून घ्या आणि चारही खांबांना तसाच करा, म्हणजे एकटा वेगळा दिसणार नाही. बाकीच्या तिघांचे बुडखेही तेवढ्यासाठी कापावे लागतील, तिथं जीव घट्ट करा. दगडाला मधोमध भोक पाडून २० मिलिमीटरची सळई बसवा, सहा इंच दगडात, सहा इंच खांबात. लाकडाच्या बुडाला वाळवीचं औषध आणि डांबर. आणि या वेळी कोबा दगडाच्या कडेपर्यंतच आणा, बोटभर फट सोडून, लाकडाला टेकू देऊ नका.

कापलेले तुकडे फेकू नका. बाभळीचे आहेत, उखळाचं मुसळ नाहीतर परड्यातल्या कट्ट्यापाशी बसायला ठोकळे होतील.